उणिवांचे सोंग

'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती पैशाच्या अडचणीत वापरायची म्हणून तिच्या पूर्वार्धाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सगळी सोंगे आणता येतात, हे खरे आहे काय? शूराचे सोंग आणणे सोपे आहे. मिशीला पीळ भरला, आवाज चढवला की अर्धे काम होते. पण भित्र्याचे, विसरभोळ्याचे, अधाशाचे, फुशारकी मारणाऱ्याचे सोंग असे आणायचे की पाहणाऱ्याला हसू यावे आणि त्या माणसाविषयी माया सुटू नये, हे फार अवघड आहे. आजचा आमचा विषय हाच आहे. त्याला निमित्त झाले एका परदेशी खेळाचे, आणि त्याचा उलगडा मात्र आम्हाला आपल्याच सातपुड्यात सापडला.

प्रथम तो खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. तो एका टेबलाभोवती बसून खेळायचा असतो. चारपाच खेळाडू आणि एक सूत्रधार एवढी मंडळी पुरतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, पुढे पडका किल्ला आहे, आतून कण्हण्याचा आवाज येतो आहे. प्रत्येक खेळाडूने एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा असतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले पात्र आता काय करील ते ज्याने त्याने सांगायचे. त्यात यश आले की नाही हे फाशांनी ठरते, आणि त्यावरून सूत्रधार गोष्ट पुढे नेतो. नेपथ्य नाही, पाठ केलेली भाषणे नाहीत, प्रेक्षकही नाहीत. नट तेच, प्रेक्षक तेच. सारीपाट आणि घरगुती नाटक यांची गाठ मारली तर जे होईल तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे सोंगटीलाही स्वभाव असतो.

हा स्वभाव येतो कोठून? मूळच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पात्राचे सहा गुण मोजतात : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहून ठेवायची. बेरीज ३ पासून १८ पर्यंत येऊ शकते. आता थोडा हिशेब पाहू, कारण या हिशेबातच विषयाचे मर्म आहे. तीन फासे २१६ प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी १८ येण्याचा प्रकार एकच. ८ किंवा त्याहून कमी येण्याचे प्रकार मात्र ५६ आहेत. म्हणजे कोणताही एक गुण असा उणा निघण्याची शक्यता साधारण चारात एक. परंतु गुण सहा आहेत. सहांपैकी निदान एक तरी उणा निघण्याची शक्यता शंभरात ८३ येते. थोडक्यात, सहा जण खेळायला बसले तर त्यांतल्या पाचांच्या वाट्याला कोठे ना कोठे तरी कमतरता यायचीच. कोणी बलदंड पण मठ्ठ, कोणी विद्वान पण चार पावले चालून धापा टाकणारा. अव्यंग पुरुषोत्तम हा फाशांना क्वचितच मान्य असतो. ब्रह्मदेवाचाही हिशेब याहून फारसा वेगळा नसावा!

आता अशा उणिवेचे काय करायचे? एक मार्ग म्हणजे ती लपवायची. मठ्ठ पात्राने बोलायचेच नाही, भित्र्याने मागे राहायचे. दुसरा मार्ग म्हणजे ती पुढे आणायची आणि तिच्यातून गोष्ट घडवायची. हा दुसरा मार्ग खेळाच्या रचनाकारांनाही हळूहळू पटत गेला. १९८६ साली निघालेल्या 'गर्प्स' नावाच्या खेळात पात्राने एखादा दोष पत्करला तर त्या बदल्यात दुसरीकडे गुण घेता येतात. १९८४ च्या 'टून' या विनोदी खेळात तर पात्र मरतच नाही. ते कोसळते, तीन मिनिटे गप्प बसते आणि पुन्हा उठून नव्या फजितीला तयार होते. आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राच्या कागदावर स्वभाव, ध्येय आणि जिव्हाळा यांच्याबरोबर 'उणीव' असे एक स्वतंत्र कलम घातले गेले. खेळाडूने आपली उणीव प्रामाणिकपणे वठवली, स्वतःचे नुकसान सोसूनही वठवली, तर सूत्रधार त्याला एक बक्षीस देऊ शकतो. पुढे हवे तेव्हा वीस बाजूंचा फासा एकाऐवजी दोनदा टाकायचा आणि त्यांतला मोठा आकडा धरायचा. ११ किंवा त्याहून अधिक आकडा हवा असेल तर एरवी शक्यता शंभरात ५० असते. या सवलतीने ती ७५ होते. स्वतःचा दोष कबूल करणाऱ्याला दैव दुसरी संधी देते, असा हा नियम आहे. नीतीच्या पुस्तकातही तो शोभला असता.

या गोष्टी आम्हाला पुस्तकातून कळल्या नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत आमचा भाचा पुण्याहून नंदुरबारला आला तो हे फासे घेऊनच. दुपारच्या उन्हात बाहेर पडण्याची सोय नाही, तेव्हा पाण्याचा माठ जवळ घेऊन पाच जण जमले आणि सहावे म्हणून आम्हाला ओढले. आमच्या वाट्याला एक सरदार आला. बळ १५, शहाणपण ५! भाच्याने विचारले, "मामा, उणीव काय लिहू?" आम्ही म्हटले, "अंधाराला भितो, पण कबूल करीत नाही." येथपर्यंत आम्हाला हा पोरखेळच वाटत होता.

पुढे गुहेचे तोंड आले. सगळे आत निघाले. "मामा, तुमचा सरदार काय करतो?" आम्ही सांगितले की आज अमावास्या आहे, शुभ कार्य उद्यावर ठेवावे. मंडळी ऐकेनात. मग सरदाराच्या वहाणेचा अंगठा तुटला. मग, बाहेर राखण करायला कोणीतरी भरवशाचा माणूस नको काय, असा प्रश्न त्याने उपस्थित केला. पोरे हसून हसून लोळली. शेवटी आत जावे लागलेच. आत एका मुलीच्या पात्राची मशाल विझली, ती खड्ड्यात पडली, आणि तिच्यापर्यंत पोचेल असा जवळ एकच माणूस होता. सूत्रधाराने पुन्हा विचारले, "सरदार काय करतो?" खोली एकाएकी गप्प झाली. आम्ही म्हटले, "मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत, भिंतीला हात लावून, अंधारात उतरतो." यावरही मंडळी हसली, पण हे हसणे मघासारखे नव्हते.

त्या क्षणी आम्हाला जे उमगले ते असे : न भिणाऱ्याने अंधारात उतरणे ही नुसती हालचाल आहे, भिणाऱ्याने उतरणे ही गोष्ट आहे. उणीव नसेल तर पात्राला ओलांडायला काही उरतच नाही.

वास्तविक हे आपल्या नाटककारांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. 'मृच्छकटिक' नाटकातला विदूषक मैत्रेय पाहा. देवलांनी ते नाटक मराठीत आणल्यामुळे तो आपल्या घरचाच झाला आहे. तो खादाड आहे, भित्रा आहे, बडबड्या आहे. वसंतसेनेच्या दागिन्यांचा डबा सांभाळायला त्याच्याकडे दिलेला असतो. झोपेच्या गुंगीत तो स्वतःच्या हाताने तो डबा चोराच्या स्वाधीन करतो. पुढे भर न्यायसभेत शकाराशी भांडताना त्याच्याजवळचे दागिने खाली पडतात, आणि ज्या मित्रावर त्याचे जिवापाड प्रेम आहे त्याच चारुदत्ताविरुद्ध तो पुरावा होतो. म्हणजे विदूषकाची उणीव ही केवळ तोंडी लावण्याची चटणी नव्हे. सगळे कथानक तिच्यावर दोनदा वळते. गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यासा'तला विसरभोळा गोकुळ कोर्टात साक्षीला उभा राहतो तेव्हाही हेच घडते. विसरभोळा माणूस घरी विसरला तर ती सवय. साक्षीच्या पिंजऱ्यात विसरला तर ते नाट्य. देवलांचा फाल्गुनराव संशयी नसता तर 'संशयकल्लोळ' पहिल्याच अंकात आटोपले असते.

तमाशाचेही तेच. गवळणीतला लंगडत येणारा पेंद्या आणि पुरुषाने वठवलेली मावशी, वगातला सोंगाड्या, ही मंडळी नसतील तर राजा आणि प्रधान यांना कोणी रात्रभर सोसणार नाही. आणि दूर कशाला? आपल्या जिल्ह्यात होळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत 'सोंगाड्या पार्टी' गावोगाव रात्र रात्र खेळ करते, त्या पार्टीचे नावच मुळी राजावरून न पडता सोंगाड्यावरून पडले आहे. लोकांनी मान कोणाला दिला आहे ते यावरून समजावे.

आता दुसऱ्या दिवशीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात या विषयाची दुसरी बाजू आहे. आमच्यातल्या एका तरुणाने चोराचे पात्र घेतले होते. उणीव : हाव. त्याने पहिल्या तासातच आपल्याच सोबत्यांची शिदोरी लांबवली, जखमी माणसाचे औषध विकले, आणि कोणी बोलले की म्हणे, "मी काय करू, माझं पात्रच तसं आहे!" पहिल्यांदा हसू आले, दुसऱ्यांदा कमी आले, तिसऱ्यांदा दोघे जण उठून गेले. खेळ तेथेच मोडला. नियमाने पाहिले तर त्याने चूक काहीच केली नव्हती. मग बिघडले काय?

संध्याकाळी भाचा आणि तो तरुण यांचे बोलणे झाले. तिसऱ्या दिवशी चोर तोच, हावही तीच. पण त्याने सोबत्यांच्या पिशव्यांना हात लावला नाही. एका पडक्या देवळातली पितळी घंटा चोरून त्याने आपल्या झोळीत घातली. त्यानंतर जेथे म्हणून लपून बसायची वेळ आली तेथे तेथे ती घंटा वाजू लागली. शत्रू आले, धावपळ झाली, सगळ्यांत जास्त मार त्यालाच बसला, आणि तरी तो घंटा टाकीना! आदल्या दिवशी रागावून गेलेले दोघेच सर्वांत जास्त हसले.

या दोन दिवसांतल्या फरकावरून एक नियम काढता येतो : उणिवेचे ओझे प्रथम आपल्या पात्राच्या डोक्यावर पडले पाहिजे. माझ्या हावेपायी माझी फजिती झाली तर तो विनोद. माझ्या हावेपायी तुझा आनंद गेला तर तो उपद्रव. दुसरा नियम असा की उणीव सोबत्यांना कामाला लावणारी असावी. सरदाराची भीती दिसली की कोणी त्याला चिडवतो, कोणी धीर देतो, कोणी मुद्दाम दिवा मालवतो. प्रत्येकाला काही करायला मिळते. तिसरा नियम असा की पात्राला एखादी तरी गोष्ट मनापासून प्रिय असावी. मैत्रेयाला खाणे प्रिय आहे, पण चारुदत्त त्याहून प्रिय आहे, म्हणून तो टिकला. नुसत्या दोषांचे गाठोडे म्हणजे पात्र नव्हे. आणि चौथा नियम : सोंग घेणाऱ्याने ते गंभीरपणे घ्यावे. सरदाराला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसते. ज्या क्षणी खेळाडू स्वतःच्या विनोदाकडे पाहून डोळे मिचकावतो त्या क्षणी सोंग उतरते.

हा चौथा नियम समजून घ्यायचा असेल तर अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी पाहावी. तेथली राजवाडी होळी तेराव्या शतकापासून चालत आल्याचे लोक सांगतात. उंच बांबूचा दांडा उभा राहतो, रात्रभर ढोल घुमतात आणि पहाटेच्या सुमारास होळी पेटते. त्या गर्दीत मोरखी, बावा, बुध्या, काली, धानका डोको अशी सोंगे नाचत असतात. बुध्याच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला घुंगरे आणि वाळलेले भोपळे. कालीचे सोंग स्त्रीवेषातला पुरुष घेतो. पाहणाऱ्याला हसू येते, लहान मुले भितात आणि पुन्हा जवळ येतात. परंतु ही सोंगे घेणाऱ्या माणसांनी त्याआधी काही दिवस पाळणी पाळलेली असते. जमिनीवर निजायचे, खाटेवर बसायचे नाही, खाण्यापिण्याची बंधने सांभाळायची, ब्रह्मचर्य राखायचे. ते नवस म्हणून नाचतात. होळ्या संपल्यावर स्नान करून सोंग उतरवायचे आणि पुन्हा घरचा माणूस व्हायचे. हसवणाऱ्या सोंगाच्या मुळाशी इतके कडक व्रत! टेबलाभोवतीच्या खेळात कोणी उपास करावा असे आमचे म्हणणे नाही. पण सोंगाला आरंभ असतो, मर्यादा असते, आणि ते उतरवण्याची एक वेळ असते, हे मात्र तेथून शिकण्यासारखे आहे. 'माझं पात्रच तसं आहे' असे म्हणणारा तरुण सोंग उतरवायला विसरला होता. किंबहुना त्याने ते अजून चढवलेच नव्हते.

काठीचे नाव घेतल्यावर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आम्ही नववीत असताना शाळेच्या संमेलनात एका नाटुकलीत काम केले होते. काम गड्याचे. हा गडी डोंगरातून आलेला, त्याला मराठी धड बोलता येत नाही, तो प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ करतो, असा तो विनोद होता. टाळ्या खूप पडल्या. ती बोली आम्ही शिकलो होतो आमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडून. तो धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा, फार हुशार. त्याने मोठ्या हौसेने आपल्या बोलीतले शब्द आम्हाला शिकवले होते, आणि आम्ही ते रंगमंचावर नेऊन विकले. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला होता. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाक बदलला, इतकेच. वर्ष संपेपर्यंत आम्हाला त्याच्याशी बोलण्याचे धैर्य झाले नाही. सरदाराची भीती वठवणे आम्हाला सोपे का गेले असेल, हे श्रोत्यांच्या आता ध्यानात येईल.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यातल्या शंभर माणसांपैकी सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. त्यांची भाषा ही उणीव नव्हे. ती आम्हाला येत नव्हती ही उणीव होती, आणि खरे म्हणजे विनोद त्यावर व्हायला हवा होता. शहरातला एक शहाणा डोंगरात जातो, वाट चुकतो, लोक सांगतात ते त्याला कळत नाही आणि तो प्रत्येक शब्दाचा भलताच अर्थ करतो, असे नाटुकले केले असते तर हसू कमी आले नसते. आणि तिसऱ्या रांगेतला मुलगाही हसला असता.

म्हणून पाचवा आणि शेवटचा नियम आम्ही असा मांडतो. भीती, हाव, विसरभोळेपणा, फुशारकी, संशय, आळस या उणिवा सर्वांच्या आहेत; त्यांचे सोंग खुशाल घ्यावे. जात, बोली, रंग, गरिबी, शरीराचे व्यंग या उणिवाच नव्हेत. त्यांचे सोंग घेऊन हशा मिळवणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातला पैसा खर्चून उदार म्हणवून घेण्यासारखे आहे. गवळणीतल्या पेंद्यालाही हा नियम लागू केला पाहिजे. त्याच्या लंगडण्याला हसण्याचे दिवस गेले. त्याच्या भोळ्या भक्तीवर आणि खाण्याच्या घाईवर आजही हसता येते. शंका आली तर एक कसोटी लावावी : ज्याचे सोंग आपण घेतो आहोत तो माणूस समोर बसला असता तर आपण हेच केले असते काय? आणि तो हसला असता काय?

एवढे सांभाळले तर हा खेळ घरोघरी खेळण्यासारखा आहे. त्याला फार सामान लागत नाही. सापशिडीतले तीन फासे आणि वहीचा एक कागद आरंभाला पुरे. पडका किल्ला परदेशी कशाला हवा? सातपुड्यातला एखादा घाट, तापीकाठचे एखादे गाव, सारंगखेड्याच्या यात्रेतला घोड्यांचा बाजार, येथे गोष्ट सुरू करावी. फासे टाकावेत आणि जो गुण सर्वांत कमी निघेल त्याच्याखाली रेघ ओढावी. तीच आपल्या पात्राची खरी मिळकत, असे समजून खेळायला बसावे.

आमच्या सरदाराचे पुढे काय झाले असे कोणी विचारील. सुटी संपली, भाचा पुण्याला गेला, गोष्ट अर्धी राहिली. सरदार अजून त्या गुहेतच आहे. खड्ड्यातल्या मुलीला त्याने वर काढले आहे. आता बाहेर पडायची वाट शोधायची आहे, आणि मशाल विझलेलीच आहे. पुढच्या मे महिन्यात भाचा आला की तो पहिला प्रश्न काय विचारणार हे आम्हाला ठाऊक आहे. उत्तर मात्र अजून ठरलेले नाही.